पत्ते वाटणारीचे हात

मी आणि बायकोनं मिळून शेवटचं जे काही केलं ते म्हणजे दुपारी जेवून पत्ते खेळलो. दुसरं काही मोठं नाही. बाजरीची भाकरी आणि मेथी खाल्ली, ताटं तिनं घासली, मी पुसून फळीवर लावली, मग तिनं दाराच्या उजेडात गोधडी अंथरली आणि पत्ते काढले.

कोपरखैरण्याला आमची माथाडीची खोली आहे, खाली एक आणि वर माळा. मी उभा जन्म कांदा-बटाटा मार्केटात गोणी वाहिल्या. काम सुटल्यावर दुपार कशी घालवायची हे कोणी शिकवलेलं नसतं. आम्हाला पोरीनं शिकवलं. पोरगी गोव्याला जुगाराच्या बोटीवर पत्ते वाटते, कॅसिनो म्हणतात त्याला. तिचा जो खेळ तोच आमचा, एकवीसचा. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण वर गेली की बुडाला. खेळणारा कुठंही थांबू शकतो. वाटणाऱ्याला मात्र स्वतःचं मन नसतं. सोळा झाले तरी त्यानं पत्ता घ्यायचाच आणि सतरा झाले की थांबायचंच. वाटायला नेहमी बायकोच बसायची. मी चिंचोके लावायचो आणि हरायचो.

त्या दिवशी माझे चौदा झाले होते.

"टाक," मी म्हणालो.

"इचार करा. जलमभर असंच मागत आलायसा आन बुडत आलायसा."

"टाक म्हटलं ना."

"तोंडानं न्हाई मागायचं. बोटानं ठोकायचं. वर क्यामेरा आसतो, त्याला ऐकू येत न्हाई, दिसतं."

हा पोरीचा नियम. आमच्या खोलीत कॅमेरा कुठला, वर पंखा आणि माळ्याची फळी. तरी मी बोटानं गोधडीवर ठोकलं. तिनं पत्ता उचलला आणि हातात तसाच धरला.

"आवो, मला घाम का सुटलाय ओ एवढा," ती म्हणाली.

मग भिंतीला टेकली. मी म्हटलं ॲसिडिटी असेल, मेथी बाधली असेल. पाणी दिलं, ते तिच्या हनुवटीवरून खाली गेलं. शेजारच्या पोरानं रिक्षा आणली. रिक्षात तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मी सारखा बोलत होतो, आलं बघ, सिग्नल सुटला बघ, आता पूल उतरलो की आलंच. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, वाटेतच गेल्या. म्हणजे मी कितीतरी वेळ कोणाशी बोलत होतो ते मला माहीत नाही.

तिला घरी आणेपर्यंत दिवस मावळला. आता पोरीला कळवायचं होतं.

फोन लागत होता, पण उचलत कोणी नव्हतं. संध्याकाळी ड्यूटीला चढताना तिथं सगळ्यांचे फोन लॉकरमध्ये ठेवून घेतात, पहाटे उतरताना देतात. मधे घरी कोणी मेलं तरी वाटणारा टेबलापाशी उभाच. बोटीच्या ऑफिसचा नंबर बायकोच्या फोनमध्ये होता. तिच्या फोनला कुलूप होतं, ते बोटानं आकडे दाबून उघडायचं असतं, आणि ते आकडे तिच्या डोक्यात होते. शेजारच्या पोरानं माझ्या जन्माचं साल टाकून बघितलं, लग्नाचं टाकून बघितलं. नाही उघडला.

दिघ्याहून मेव्हणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. तिच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला, मग डोळे पुसले आणि कामाला लागला. माणूस वाईट नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

"दाजी, आजच उरकू. उकाडा बघताय न्हवं. पोरीचा फोन लागंना, ती कवा येणार."

"उद्या येईल. थांबायचं."

"अग्नी माझा पोरगा देतो की. भाचाच हाय तिचा. तुमाला ल्योक न्हाई म्हणून कुठं अडलंय."

"अडलंय," मी म्हणालो. "पोरगी दील अग्नी."

हे माझं डोकं नव्हतं, बायकोचं होतं. आमच्या गल्लीत एक म्हातारी वारली तेव्हा तिच्या चार मुली रडत उभ्या आणि अग्नी कोणी दिला, तर जिनं म्हातारीला कधी तांब्याभर पाणी दिलं नाही त्या जावेच्या पोरानं. घरी आल्यावर बायको आंघोळ करून मोरीतून बाहेर आली आणि केस पुसत म्हणाली, "माझ्या बाबतीत असलं काय करू नका. माझ्या पोरीनं द्यायचा. दुसरा कोण पुढं आला तर मी उठून बसंन." मी हसलो होतो. ती हसली नव्हती. एवढी एकच गोष्ट तिनं माझ्याकडे मागून ठेवली होती. जन्मभरात बाकी काही मागितल्याचं आठवत नाही, पातळ घ्यायचं म्हटलं तरी ह्या दिवाळीचं त्या दिवाळीवर ढकलायची.

हे मी मेव्हण्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली, पण ती मान्य म्हणून नाही, उद्या बघू म्हणून. बर्फाची पेटी भाड्यानं आणली.

आता पोरीचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

बारावी झाल्यावर ती मॉलमध्ये अत्तराच्या दुकानात उभी राहायची. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मनगटावर फवारे मारायचे. तिथल्याच एका मुलीनं तिला ह्या कामाचं सांगितलं. वाशीला एका बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर क्लास होता. शिकवणारा सहलीच्या लोकांना फिरवणाऱ्या मोठ्या परदेशी जहाजांवर पत्ते वाटून आलेला. फी माझ्या फंडातून गेली. मी आधी नाहीच म्हणालो.

"पोलीस धरत्याल."

"आप्पा, तिकडे परवाना असतो. सरकारच देतं. इथे नाय देत, तिकडे देतं. टेन्शन नका घेऊ."

"मग खाडी वलांडली की पाप पुण्य हुतं व्हय?"

त्यावर बायको आतून म्हणाली, "मापात पाप तुमच्या मार्केटात न्हाई का? शेटनं काटा मारला तर हमालानं गोणी उचलायची सोडली व्हय कवा?"

मी फंडाचा अर्ज भरला. पण मला ते काम आवडलं नव्हतं आणि अजून आवडत नाही. लोक तिथं घरंदारं घालवतात आणि माझी पोरगी त्यांना पत्ते वाटते. खरं ते खरं.

शिक्षण मात्र कडक होतं. मला वाटायचं पत्ते वाटायला काय लागतं, आमच्या गावाकडं पारावर उघडी-नागडी पोरं वाटतात. तसं नाही. पहिले काही दिवस पत्ता हातात दिलाच नाही. नुसत्या प्लॅस्टिकच्या चकत्या, पैशाच्या ऐवजी ज्या लावतात त्या. ढीग उचलायचा आणि न बघता बोटांनी पाच-पाचचे भाग पाडायचे. घरी चकत्या नव्हत्या म्हणून कॅरमच्या सोंगट्या घेऊन बसायची. टक टक टक, रात्रंदिवस. मग पत्ते. पिसताना पत्ता टेबलावरून उचलायचा नाही, खालचा पत्ता कोणाला दिसता कामा नये. फेकताना सगळ्यांसमोर सारखा पडला पाहिजे. आमच्या फरशीवर पत्ता घसरून कपाटाखाली जायचा, म्हणून बायकोनं जुन्या हिरव्या पातळाची अर्धचंद्रासारखी गोधडी शिवली. तिच्यावर पत्ता बसायचा.

दोनच पत्त्यांत एकवीस लागले तर खेळणाऱ्याला दीडपट द्यावे लागतात, आणि ते तिथल्या तिथं, बोटं न मोजता. पोरगी अडखळायची. बायकोचा बाप गावाला धान्याचं दुकान चालवायचा, त्यानं हिला लहानपणी दिडकी, म्हणजे दीडाचा पाढा, पाठ करून घेतलेली. मग काय, भाकरी थापता थापता हिचं चालू, "एक दिड दीड, बे दिड तीन, तीन दिड साडेचार, चार दिड सहा," आणि पोरगी मागून म्हणायची. थापटीच्या ठेक्यावर दोघी. मी माळ्यावर पडून ऐकायचो.

सगळ्यात अवघड म्हणजे तोंड. गिऱ्हाईक हरलं की शिव्या घालतं. वाटणाऱ्यानं हसायचं नाही, चिडायचं नाही, उलट बोलायचं नाही. ह्याचा सराव बायकोनं करून घेतला. डोक्याला माझा टॉवेल बांधून गिऱ्हाईक होऊन बसायची.

"ए बाई, पत्ता नीट टाक. तुझ्या बापाची पेंड हाय का ही?"

"सर, प्लीज प्लेस युवर बेट."

"सर नको म्हणू, शेट म्हण. काय गं, नटून आलीस ती आमाला बुडवायला व्हय? तुझं तळपट हुईल."

पोरगी हसून गोधडीवर लोळायची. "आई, तिथे असं कोण नाय बोलत. सगळे मोठे लोक असतात."

"दारू पोटात गेली की समदे एकाच शाळंतले. हसू नको. परत घे."

पुढं गोव्याहून तिनं पहिल्या आठवड्यात फोन केला तेव्हा म्हणाली, आई, तू बोलायचीस ते काहीच नव्हतं. काय बोलतात ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आणि हात. हात म्हणजे त्या धंद्यातलं सगळ्यात मोठं. नखं कापलेली, अंगठी नाही, ड्यूटीच्या कपड्यांना खिसा नाही. असला तर शिवून टाकतात. नाक खाजलं तरी आधी हात उघडे करून दाखवायचे, मग खाजवायचं. पैशाच्या चकतीला हात लागला की तळवे दाखवायचे. आणि टेबल सोडून उठताना तर ठरलेलंच. दोन्ही हात पुढं धरायचे, एक हलकी टाळी वाजवायची, तळवे वर करायचे, मग उलटे करायचे. म्हणजे वरच्या कॅमेऱ्याला दिसतं की ह्या बाईनं काही लपवून नेलेलं नाही. क्लासात हे इतकं घोटून घेतलं होतं की पोरगी घरी ताटावरून उठतानाही टाळी वाजवून तळवे दाखवायची. बायको म्हणायची, "दिसलं बाई दिसलं, भाकरी चोरली न्हाईस."

पगाराचं सांगतो. शिकाऊ असताना हातात पंधरा हजार यायचे, पक्की झाल्यावर बावीस. राहायला पाच-सहा जणींत एक फ्लॅट, एक जेवण बोटीवर, न्यायला-आणायला कंपनीची गाडी. गिऱ्हाइकानं खूश होऊन टीप दिली तर ती आपली नाही. ती चकती टेबलावर ठोकून सगळ्यांसमोर डब्यात टाकायची, आणि महिन्याच्या शेवटी सगळ्यांत वाटणी. हे मला पटलं. आमच्या टोळीतही मजुरी अशीच एकत्र येऊन वाटली जायची, ज्याची पाठ धरली त्यालाही त्याचा वाटा. बाकी काम काही हलकं नाही. संध्याकाळी उभी राहिली की पहाटेला सुटायची, मधे थोडं बसायला. सगळीकडे धूर. तिशीच्या आत तिची मनगटं दुखायला लागली. माझी पाठ गोण्यांनी गेली, तिची उभं राहून चालली आहे.

एकदा फोनवर म्हणाली, "आप्पा, आज एक जण होता, हरला की दर वेळेला मला सॉरी म्हणायचा. मलाच. शेवटी घड्याळ काढायला लागला तेव्हा पण सॉरी म्हणाला."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार. पुढचा पत्ता."

हे सगळं आम्हा तिघांना माहीत. बाकी कोणाला नाही. नात्यात, गावाला, गल्लीत बायकोनं सांगून ठेवलं होतं की पोरगी गोव्याला मोठ्या हॉटेलात रिसेप्शनवर आहे. आधी नुसतं हॉटेल म्हणायची. मग हॉटेल वाढत गेलं, त्याला स्विमिंग टँक आला, फॉरेनचे पाहुणे आले. मेव्हण्याच्या बायकोपुढं तर इतकं रंगवायची की मलाच ते हॉटेल दिसायला लागलं होतं. पोरीचं लग्न व्हायचं होतं, हे एक कारण. दुसरं, बायकोला भावाचं भ्या वाटायचं. त्याचा बाप, म्हणजे हिचाही बाप, ते धान्याचं दुकान पुढं जुगारातच घालवून बसला होता. भाऊ पत्त्याच्या पानाला शिवत नव्हता. दिवाळीला आमच्याकडे यायचा तर ही पत्ते डाळीच्या डब्यात लपवायची.

पोरीचा फोन पहाटे आला. ड्यूटीवरून उतरून लॉकर उघडला तेव्हा माझे कॉल दिसले. मी सांगितलं. मागून गाडीचे, बायकांचे आवाज येत होते, सगळ्या गाडीत चढत होत्या. मग म्हणाली, "आप्पा, ठेवून द्या तिला. मी येते." बरोबरच्या मुलींनी पैसे जमवून सकाळच्या विमानाचं तिकीट काढून दिलं.

ती जेवायच्या वेळेच्या आधी पोचली. झोप नाही, आंघोळ नाही, केसांना अजून ड्यूटीचा घट्ट अंबाडा. खोलीत बायका दाटून बसल्या होत्या. बायको अहेव गेली म्हणून हिरवं पातळ, चुडा, कपाळभर कुंकू, ओटी भरलेली. गल्लीतल्या, गावाकडच्या, मेव्हण्याची बायको डोक्याशी. पोरगी आली तशी बायकांनी गळा काढला. ती रडली नाही. लोकांनी ते बघून ठेवलं असणार.

भटजी म्हणाले, लेकीनं पाणी पाजा. तिनं गुडघ्यावर बसून तुळशीच्या पानानं आईच्या ओठात पाणी सोडलं. हळद-कुंकू लावलं. नाकातली चमकी सरळ केली. सगळं नीट, हळू, एकही थेंब इकडं-तिकडं नाही. मग ती उठली. उठून एक पाऊल मागं झाली, दोन्ही हात पुढं धरले, टाळी वाजवली, तळवे वर केले, उलटे केले.

रडणं थांबलं. एकदम, नळ बंद केल्यासारखं.

"टाळी वाजवली गं हिनं," मेव्हण्याची बायको म्हणाली. "आईच्या मढ्यापाशी टाळी वाजवली."

पोरगी आपल्या हातांकडे बघत राहिली. तिला कळलंच नव्हतं काय झालं ते. आदल्या संध्याकाळपासून ती किती टेबलांवरून उठली असेल आणि दर वेळेला हात हेच करत आले असतील. हातांना काय माहीत समोर काय आहे.

मेव्हणा दारातून आत आला. "काय केलंस गं?"

तिनं हात पाठीमागं घेतले.

"येडी झाली का काय ही? का आनंद झाला?" मागून कोणीतरी बाई म्हणाली.

तेव्हा मी बोललो. "तिच्या कामातली सवय हाय ती."

"हाटेलात टाळ्या वाजवत्यात?"

"हाटेलात न्हाई ती. कॅसिनोत हाय. जुगाराच्या बोटीवर पत्ते वाटती. टेबलावरनं उठताना हात रिकामं हायत असं दावायला लागतं, म्हणून टाळी."

एवढं बोलल्यावर मला वाटलं खोलीत हवाच नाही. मेव्हणा माझ्याकडे बघत होता. त्याचं तोंड हळूहळू त्याच्या बापासारखं झालं. मी त्या म्हाताऱ्याला शेवटी पाहिलेलं आहे.

"माझ्या भैनीनं मला रिसेप्शन सांगितलं हुतं."

"खोटं सांगितलं. तुझ्या भैनीनंच तिला शिकवलं. ह्या खोलीत, ह्याच जागी."

"मेलेल्या माणसाच्या नावावर घालू नका दाजी."

"मेली म्हणून खरं बदलत न्हाई."

तो अगदी हळू आवाजात बोलला, ओरडला असता तर बरं झालं असतं. "आमच्या बापानं जुगारात दुकान घालवलं. ही आक्का आन मी उपाशी झोपलोय, दाजी. तिच्या चितेला त्या पैशाचं हात लागू देणार न्हाई मी. माझा पोरगा देतोय अग्नी."

त्याचा पोरगा, चांगला शिकलेला, कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. त्याला ह्यातलं काहीच नको होतं.

"तुझी आक्का काय बोलून गेली ते मी तुला काल सांगितलंय," मी म्हणालो.

"आन केसाचं काय? ज्यानं अग्नी दिला त्याला डोकं करायला लागतं. पोरीचं डोकं भादरणार हायसा? न्हाई ना? मग अर्धामुर्धा इधी कशाला? तिला मुक्ती नको द्यायला?"

सगळे भटजींकडे बघायला लागले. भटजी म्हणाले, मुलीनं अग्नी द्यायला हरकत नाही, हल्ली देतात. केसांचं तसं काही बायकांना नसतं. पण काही लोक मानतात, ते ज्याचं त्यानं बघावं. असं बोलून ते दर्भ सोडवत बसले.

पोरगी तेव्हा पहिल्यांदा बोलली. "आप्पा, त्यालाच देऊ द्या. मी बाजूला उभी राहते. नको वाद, आई अशी पडलीये."

"तू गप," मी म्हणालो. "हे तुझं न माझं न्हाई. हे तिचं हाय." आणि मेव्हण्याला म्हणालो, "केसाचं मी बघतो. तू खांदा दे."

त्यानं खांदा दिला नाही. पुढं येऊन बहिणीच्या पायावर डोकं ठेवलं, खूप वेळ ठेवलं, त्याच्या पाठीवरून कळत होतं किती रडतोय ते. मग बायको-पोराला घेऊन गल्लीच्या टोकाला गेला आणि तिथूनच दिघ्याची रिक्षा केली. त्याच्यामागं गावाकडची माणसंही हळूहळू निघाली. कोणाला गाडी होती, कोणाला काम होतं. मी कोणाला बोल लावत नाही. माझ्यापाशी मार्केटातली आमची जुनी टोळी होती. चौघांनी उचललं. एक जण म्हणाला, "वैनी हलक्या झाल्यात रं," आणि खांदा बदलला.

मडकं पोरीनं खांद्यावर घेतलं. फेरे तिनं मारले. बाहेर बाकावर बसलेली दुसऱ्या मयताची माणसं बघत होती, बघू दिलं. पेटता पलिता हातात घेतल्यावर मला वाटलं आता तिचा हात थरथरेल. नाही थरथरला. तिकडं हात थरथरला की टेबलावरून काढून घेतात, तिला ते माहीत आहे. तिनं तोंडाशी अग्नी दिला आणि मागं वळून न बघता चालायचं असतं तशी चालत बाहेर आली. बाहेर पाण्याच्या टाकीपाशी मात्र उभी राहिली आणि दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. तसेच धरून घरापर्यंत आली. रिक्षात सुद्धा काढले नाहीत.

संध्याकाळी शेजारणीनं पिठलं-भात आणून दिला. पोरीनं दोन घास खाल्ले. मामाचा फोन आला का, असं तिनं एकदा विचारलं. मी म्हटलं, नाही.

दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा ती खाली फरशीवर, आईला ठेवलं होतं त्या जागेवर, तोंडावर ओढणी घेऊन झोपली होती. मी चहा केला नाही. आवाज न करता दार ओढून घेतलं आणि चालत मार्केटाकडं गेलो. गाड्या खाली होत होत्या. कांद्याच्या गेटासमोर एक न्हावी बसतो, खुर्ची, आरसा आणि वर ताडपत्री. आमच्या सगळ्या टोळीची डोकी त्याच्याच हाताखालून गेलेली.

"या मामा. दाढी?"

"केस. मिशी बी. समदं."

त्यानं वस्तरा खाली ठेवला. "कोण गेलं?"

"बायको."

एका गोणीवाल्यानं मागून आवाज दिला तरी तो वळला नाही. मग म्हणाला, "मामा, बायकोसाठी नाय काढत. आईबापाची काढतात. तुमाला ठाऊक असेल."

"ठाऊक हाय. पोरीनं अग्नी दिला. तिचं कसं काढू? तिच्या वाटचं माझं काढ."

"अन दहाव्याला काढतात."

"आजच काढ. आमच्यातल्या एकाला वाटतंय की तिचं अर्धं राहिलं. त्याला दिघ्याला जाऊन दावायचंय."

त्यानं गळ्याभोवती कापड बांधलं. मिशी मी मिसरूड फुटल्यापासून कधी काढली नव्हती. आधी तीच काढ म्हणालो, म्हणजे मागं फिरायला नको.

"शेंडी ठेवू का?"

"ठेव. तशी रीत हाय."

त्यानं वाटीतलं पाणी ओठावर लावलं. मी मान मागं टेकवली.